एका गाठीचे तीन रिपोर्ट, तीन नावं: लिम्फोमाचं निदान कसं ठरतं

पलूसहून एका भावाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. धाकटी बहीण, वय २६. दिवाळीच्या सुमारास मानेला डावीकडे गाठ लागली. सुईच्या तपासणीत 'ग्रॅन्युलोमॅटस लिम्फॅडिनायटिस' आलं, टीबी धरून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. दोन महिन्यांत गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढली, संध्याकाळी ताप येऊ लागला, अंगाला खाज सुटली. मग सोनोग्राफीत बघून जाड सुईने तुकडा घेतला. एका लॅबने 'ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा असावा', म्हणजे लसीकाग्रंथींतल्या पेशींचा एक कॅन्सर, असं कळवलं. तोच तुकडा मुंबईला दाखवला तर 'हॉजकिन लिम्फोमा नाकारता येत नाही, अख्खी गाठ काढून पाठवा' असा शेरा आला. घरचे म्हणतात, आता परत कापाकापी नको, गाठ छेडली की पसरते. कुणाचं खरं मानायचं? आणि द्राक्षबागेतल्या फवारणीमुळे हे झालं का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. अख्खी गाठ काढून तपासायला द्या आणि ते काम याच आठवड्यात करा. तिन्ही रिपोर्टांत कुणी तुम्हाला फसवलेलं नाही. पहिल्या डॉक्टरांसमोर काचेवर पसरलेल्या सुट्या पेशी होत्या. दुसऱ्यांसमोर दोऱ्याएवढे दोन-तीन तुकडे होते. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच तुकड्यांवर नाव ठरवायला नकार दिला, आणि माझ्या मते तीन कागदांतला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. लिम्फोमात 'एवढ्या नमुन्यावर सांगता येत नाही' असं वेळेत लिहिलेलं रुग्णाच्या फायद्याचं असतं.

मी मिरजेत पॅथॉलॉजीचं काम करतो. जत, आटपाडी, तासगावपासून पलीकडे अथणी-विजापूरपर्यंतच्या लोकांच्या गाठी इथे येतात, आणि तुमच्यासारखी फाइल घेऊन येणारं कुटुंब मला नवं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. म्हणजे सर्जनशी बोलताना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

शरीरात सुमारे ६०० लसीकाग्रंथी असतात. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण येतं, ती हीच ग्रंथी. दात किडला, घसा धरला, डोक्यात उवांनी फोड झाले की मानेतल्या ग्रंथी सुजतात आणि कारण गेलं की बसतात. अशी गाठ बहुधा दुखते, मऊ असते, एक सेंटिमीटरच्या आसपास राहते. काळजी करायची ती न दुखणाऱ्या, रबरासारख्या लागणाऱ्या, चार ते सहा आठवड्यांनंतरही न बसणाऱ्या किंवा वाढत जाणाऱ्या गाठीची. गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत आलेली गाठ तर लहान असली तरी तपासलीच पाहिजे, कारण छाती आणि पोटातल्या आजारांची पहिली खूण पुष्कळदा तिथे उमटते. दुखत नाही म्हणून आपली माणसं गाठीकडे दुर्लक्ष करतात. खरं तर न दुखणाऱ्या गाठीनेच लवकर दवाखाना गाठायला हवा.

आता टीबीबद्दल. आपल्याकडे तरुण माणसाच्या मानेत गाठी आल्या तर पहिला संशय टीबीचा घ्यायचा हे बरोबरच आहे. गंडमाळ आपल्या भागात आजही पुष्कळ दिसते. पण 'ग्रॅन्युलोमा' म्हणजे टीबी नव्हे. शरीराच्या संरक्षक पेशींनी एखाद्या गोष्टीभोवती धरलेलं ते कडं असतं. टीबीचे जंतू असले की ते धरलं जातं, आणि हॉजकिन लिम्फोमाच्या पेशी असल्या तरीही धरलं जातं. सुई नेमकी त्या कड्यात गेली तर मधला खरा आजार काचेवर येतच नाही. म्हणून ग्रॅन्युलोमा दिसला की दोन गोष्टी विचाराव्यात: टीबीत होतो तसा चिजासारखा मृत भाग दिसला का, आणि त्याच नमुन्यावर सीबीनॅट किंवा कल्चर करून जंतू सापडला का. सीबीनॅट सरकारी यंत्रणेत मोफत होते. जंतू सापडला तर प्रश्न मिटला. दोन्हीपैकी काहीच नसेल तर एकेटी हा अंदाजाने घेतलेला निर्णय असतो, आणि अंदाजाला मुदत हवी. टीबीची गाठ औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत थोडी वाढू शकते हे खरं. पण जंतू सापडलेला नसताना दोन महिन्यांनी गाठ वाढलेली असेल, ताप आणि खाज असेल, तर सहा महिन्यांचा कोर्स पुरा होण्याची वाट बघू नये.

एक सांभाळा: एकेटी तुमच्या मनाने बंद करू नका. टीबी आणि लिम्फोमा एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. औषध थांबवायचं की नाही हे नवा रिपोर्ट बघून डॉक्टरांना ठरवू द्या. टीबीचं रूपांतर कॅन्सरमध्ये झालं असंही समजू नका. तुमच्या बहिणीच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून लिम्फोमाच असण्याची शक्यता जास्त आहे.

सुईच्या तपासणीवर लिम्फोमाचं नाव का ठरत नाही? तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात तुम्ही मूठभर माल हातावर घेऊन रंग, गोडी, आकार सांगाल. पण तो बेदाणा मांडवावरच्या बागेतला की वाय पद्धतीच्या, ओळीत अंतर किती होतं, हे मुठीतल्या मालावरून सांगता येईल का? लिम्फोमात आम्हाला माल आणि बाग दोन्ही बघावं लागतं. निरोगी ग्रंथीची एक रचना असते: बाहेरच्या बाजूला गोल कळ्यांसारखे भाग, त्यात बी पेशी नावाच्या लसीकापेशी, त्यांच्या मधल्या जागेत टी पेशी नावाच्या, आतल्या वाटांमधून वाहणारा द्रव. आजाराने ही रचना कुठे मोडली, कळ्या वाढल्या की पुसल्या गेल्या, मध्ये तंतूंचे पट्टे आले का, यावर अर्धं निदान असतं. फॉलिक्युलर लिम्फोमात तर एकेक पेशी निरोगी पेशीसारखीच दिसू शकते, चूक दिसते ती मांडणीत. सुईने पेशी सुट्या झाल्या की मांडणी संपली.

म्हणजे सुईची तपासणी निरुपयोगी आहे असं नाही. गाठ टीबीची, दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरची की लिम्फोमाच्या संशयाची एवढी पहिली वाटणी ती झटपट आणि स्वस्तात करते. जाड सुईचा तुकडा, म्हणजे ट्रू-कट, पोटात किंवा छातीत खोल गाठ असेल तर घ्यावाच लागतो, आणि भरपूर व नीट घेतला तर त्यावर पूर्ण निदानही होतं. पण मानेत हाताला लागणारी गाठ सहज काढता येत असताना तुकड्यांवर अडून बसू नये.

'छेडली की पसरते' ही भीती घरोघरी आहे, आणि तिच्यामुळे लोकांचे महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. लसीकापेशी मुळातच अंगभर फिरणाऱ्या पेशी आहेत. लिम्फोमा कुठवर गेला आहे हे चाकू लागण्याच्या आधीच ठरलेलं असतं. गाठ काढल्याने, सुई टोचल्याने किंवा हवा लागल्याने तो पसरत नाही. गाठ काढल्याने तो बराही होत नाही, हेही घरच्यांना सांगा. ही शस्त्रक्रिया फक्त नाव ठरवण्यासाठी आहे, उपचार त्यानंतर सुरू होतात. 'गाठ काढली, आता बरं वाटतंय' म्हणून रिपोर्ट न्यायलाच न येणारी माणसं असतात. तसं होऊ देऊ नका.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते गाठ काढल्यानंतरच्या पहिल्या तासाबद्दल. महागड्या मार्कर तपासण्या, म्हणजे पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं रंगवून बघणं, फसतात त्या पुष्कळदा इथेच.

कोणती गाठ काढायची हे आधी ठरवावं. वरवरची, लहान, सोपी म्हणून जांघेतली गाठ काढतात. जांघेतल्या ग्रंथी पायाच्या जुन्या जखमांनी आयुष्यभर सुजलेल्याच असतात आणि दिशाभूल करतात. मानेतली, त्यातही मोठी आणि वाढती गाठ घ्यावी. पेट स्कॅन आधीच झाला असेल तर त्यात जी जास्त पेटलेली दिसते ती. गाठ शक्यतो आवरणासकट अखंड यावी, चिमट्यात दाबून चिरडलेली नको. चिरडलेल्या पेशी काचेवर नुसत्या निळ्या रेघा दिसतात.

गाठ बाहेर आल्यावर तिचा एक छोटा भाग, फॉर्मॅलिन न लावता, निर्जंतुक डबीत सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅट आणि टीबी कल्चरला द्यायला सांगा. एकेटी चालू असलेल्या रुग्णात हे विसरून चालत नाही. सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये बुडवली की कल्चर कायमचं गेलं. उरलेली गाठ पातळ चकत्या करून, गाठीच्या दहापट भरेल इतक्या १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये. चकत्या करणं महत्त्वाचं, कारण फॉर्मॅलिन बाहेरून आत हळूहळू शिरतं. अख्खी गाठ तशीच टाकली तर वरची साल टिकते आणि गाभा आतल्या आत कुजतो. स्पिरिटमध्ये नको, आणि पॅथॉलॉजीचा भाग रात्रभर सलाइनमध्ये तर मुळीच नको. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली, लॅब बंद, म्हणून गाठ सलाइनच्या बाटलीत फ्रीजमध्ये राहिली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने निघाली, असं घडतं. अशा गाठीवर मार्कर रंगच धरत नाहीत. मग रिपोर्टमध्ये 'निगेटिव्ह' येतं. पेशीत तो मार्कर नसतो म्हणून नव्हे, तर ऊतक मेलेलं असतं म्हणून. हा खोटा निगेटिव्ह पुढचे सगळे निर्णय भलतीकडे नेतो.

डबीवर नाव, बाजू, तारीख आणि वेळ. सोबतच्या चिठ्ठीत वय, गाठी कुठे कुठे आहेत, ताप-घाम-वजन, एकेटी कधीपासून, एचआयव्हीचा रिपोर्ट, आणि स्टेरॉइड दिलं आहे का. ही चिठ्ठी भरून घेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरला तर कुणी रागावणार नाही. आम्हाला नुसतं 'मानेची गाठ' एवढंच लिहिलेली डबी येते तेव्हा आम्ही अर्धे आंधळे असतो.

स्टेरॉइडबद्दल वेगळं लिहितो. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही औषधं लिम्फोमाच्या पेशींना थेट मारतात. म्हणून ती लिम्फोमाच्या बऱ्याच उपचारांत असतातच. पण निदानाच्या आधी खोकला, खाज, सांधेदुखी किंवा 'सूज उतरावी' म्हणून आठवडाभर दिली तर गाठ भराभर उतरते, रुग्ण खूश होतो, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशींच्या सावल्या तेवढ्या उरतात. काही आठवड्यांनी आजार परत येतो, तोपर्यंत वेळ गेलेला असतो. तुमच्या बहिणीला खाज आहे, म्हणजे तिला कुणीतरी खाजेची गोळी किंवा इंजेक्शन देण्याचा संभव आहे. गाठ निघेपर्यंत प्रत्येक डॉक्टरला आधी सांगा: लिम्फोमाचा संशय आहे, तपासणी व्हायची आहे. अपवाद एकच. छातीतल्या गाठीने श्वासनलिका किंवा मोठी शीर दाबली जाऊन श्वास कोंडत असेल, चेहरा-मान सुजत असेल, तर जीव वाचवणं पहिलं. तसं काही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

आता दोन नावांचा घोळ. ॲनाप्लास्टिक लार्ज सेल आणि हॉजकिन या दोन नावांत लॅबची गल्लत का झाली, ते समजण्यासारखं आहे.

दोन्ही आजारांत मोठ्या, बेढब पेशी असतात आणि दोन्हींत त्या पेशींवर सीडी३० हा मार्कर ठळक येतो. तुकडा छोटा, त्यात मोजक्याच मोठ्या पेशी, मार्कर तीन-चारच केलेले, आणि सीडी३० पॉझिटिव्ह. अशा वेळी दोन्ही नावं शक्य असतात. फरक पुढच्या मार्करांनी होतो. क्लासिक हॉजकिनच्या पेशी मुळात बी पेशींपासून आलेल्या, पण त्यांनी आपली बहुतेक ओळख गमावलेली असते. म्हणून त्यांच्यात पॅक्स५ फिका का होईना येतो, सीडी१५ बऱ्याचदा येतो, तर सीडी४५ येत नाही आणि सीडी२० बहुधा येत नाही किंवा तुरळक येतो. ॲनाप्लास्टिक लिम्फोमा टी पेशींचा. त्यात पॅक्स५ नसतो, टी पेशींचे काही मार्कर सापडतात, आणि तरुणांमध्ये बऱ्याचदा ॲल्क हे प्रथिन पॉझिटिव्ह असतं, कारण गुणसूत्र २ आणि ५ यांच्यात तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. इबर ही ईबी विषाणूची तपासणी हॉजकिनच्या पेशींत पॉझिटिव्ह आली तर पारडं हॉजकिनकडे झुकतं. आपल्याकडच्या हॉजकिनमध्ये हा विषाणू पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त सापडतो.

हॉजकिनची आणखी एक अडचण आहे. गाठीतल्या शंभर पेशींत आजाराच्या खऱ्या पेशी एक-दोनच असतात, बाकी सगळी आजूबाजूला जमलेली साधी पेशींची गर्दी. दोऱ्याएवढ्या तुकड्यात त्या आल्याच नाहीत असं सहज होतं. अख्ख्या गाठीत मात्र त्या दिसतात, गर्दी दिसते, तंतूंचे पट्टे दिसतात. २६ वर्षांची मुलगी, मानेत गाठ, खाज, ताप: या चित्रात तंतूंच्या पट्ट्यांचा प्रकार, नोड्युलर स्क्लेरोसिस, मनात येतोच. पण मनात येणं म्हणजे निदान नव्हे. छातीचा एक्स-रे झाला नसेल तर तो मात्र आजच काढा, कारण या प्रकारात छातीच्या मध्यभागी मोठी गाठ लपलेली असू शकते.

हा फरक महत्त्वाचा, कारण औषधं वेगळी आहेत. हॉजकिनला साधारणपणे एबीव्हीडी या चार औषधांच्या धर्तीवरचे उपचार, ॲनाप्लास्टिकला चॉप या दुसऱ्या औषधगटाच्या धर्तीवरचे. चुकीच्या नावाखाली पहिला कोर्स गेला तर बरं होण्याची सगळ्यात चांगली संधी हातची जाते. म्हणून दहा-बारा दिवस उशीर लागला तरी नाव पक्कं होऊ द्या. या दोन्ही आजारांत, रुग्णाचा श्वास-लघवी-रक्त ठीक असेल तर, तेवढा वेळ परवडतो.

सगळ्याच लिम्फोमांत तो परवडतो असं मात्र नाही. बर्किट लिम्फोमा इतक्या वेगाने वाढतो की की-६७ हा वाढीचा मार्कर जवळपास शंभर टक्के पेशींत पेटलेला असतो. किशोरवयीन मुलाच्या छातीत आठ-पंधरा दिवसांत वाढलेली टी लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाची गाठ अशीच. अशा वेळी आम्ही रात्री स्लाइड बघून फोनवर सांगतो, कागद नंतर जातो. दुसऱ्या टोकाला फॉलिक्युलर लिम्फोमा: वयस्कर माणूस, वर्षानुवर्षं कमी-जास्त होणाऱ्या गाठी, त्रास काही नाही. तिथे नाव पक्कं झाल्यावरही काही वेळा नुसतं लक्ष ठेवतात. घरच्यांना वाटतं डॉक्टरांनी सोडून दिलं. तसं नसतं. नॉन-हॉजकिनमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा या दोघांच्या मध्ये बसतो: वाढतो जोरात, पण योग्य औषधाने पुष्कळांचा कायमचा बराही होतो. त्यात सीडी२० आहे हे पक्कं झालं की रिटुक्सिमॅब देता येतं. म्हणून तिथे सीडी२० हे नुसतं अक्षर-आकड्यांचं लेबल नाही, औषधाची चावी आहे. अशा रुग्णांत मिक आणि बीसीएल२ या जनुकांची फिश तपासणीही विचारावी, कारण दोन्ही जनुकं तुटून जोडलेली असली तर आजार जास्त उग्र असतो.

आणि प्रत्येकाची गाठ काढावी लागते असंही नाही. सत्तरीच्या आजोबांच्या रक्तात लसीकापेशी खूप वाढलेल्या असतील तर पुष्कळदा नुसत्या रक्ताच्या फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मार्कर तपासणीवर, सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरचं निदान होतं. जठराचा माल्ट लिम्फोमा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यावर कळतो, आणि त्यात पायलोरी जंतू सापडला तर सुरुवातीच्या अवस्थेत नुसत्या अँटिबायोटिक्सनेही तो पुष्कळांमध्ये जातो. मायकोसिस फंगॉइड्स हा त्वचेचा लिम्फोमा तर वर्षानुवर्षं गजकर्ण किंवा इसब म्हणून मलमांवर काढला जातो. मलमांना दाद न देणारे, झाकलेल्या अंगावरचे चट्टे असतील तर कातडीचा तुकडा तपासावा.

तुम्हाला वाटेल, एवढी नावं कशाला? इतिहासात त्याचं उत्तर आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये शवविच्छेदनात सुजलेल्या ग्रंथी आणि प्लीहेचं वर्णन केलं, तेही नुसत्या डोळ्यांनी पाहून. सॅम्युअल विल्क्स यांनी १८६५ मध्ये त्या आजाराला हॉजकिनचं नाव दिलं. त्यातली विशिष्ट पेशी कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये नीट वर्णन केली. ती पेशी नसलेले बाकीचे सगळे 'नॉन-हॉजकिन'. म्हणजे हा एक आजार नव्हे, उरलेल्यांचा गठ्ठा होता. १९८२ च्या वर्किंग फॉर्म्युलेशनपर्यंत आम्ही या गठ्ठ्याची वाटणी पेशींचा आकार आणि मांडणी यांवर करत होतो. १९९४ च्या रिअल वर्गीकरणाने विचारच बदलला: दिसणं, मार्कर, जनुकातला बिघाड आणि रुग्णाचं चित्र, चारही जुळले तर तो एक आजार. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये तेच तत्त्व घेतलं आणि आज ऐंशीहून अधिक प्रकार नोंदलेले आहेत. हा पंडितांचा हौसेचा कारभार नाही. मँटल सेल लिम्फोमा पूर्वी सौम्य लिम्फोमांच्या घोळक्यात हरवलेला होता. गुणसूत्र ११ आणि १४ यांची अदलाबदल व सायक्लिन डी१ सापडल्यावर तो वेगळा काढता आला आणि त्याचे उपचार वेगळे आखता आले.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही पुढे आणखी मत घ्याल. २०२२ मध्ये दोन वर्गीकरणं आली, एक जागतिक आरोग्य संघटनेचं आणि दुसरं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाचं. बहुतेक ठिकाणी ती एकच आहेत, काही ठिकाणी नावं वेगळी आहेत. उदाहरणार्थ, हॉजकिनचा नोड्युलर लिम्फोसाइट प्रीडॉमिनंट हा प्रकार दुसऱ्या गटाने हॉजकिनमधून काढून बी सेल लिम्फोमा म्हणून नोंदवला आहे. तेव्हा दोन रिपोर्टांत नाव वेगळं दिसलं तर आधी विचारा, आजार वेगळा आहे की नुसती वर्गीकरणाची पद्धत वेगळी आहे.

नाव ठरल्यावर स्टेज. स्टेजचा मूळ आराखडा १९७१ च्या ॲन आर्बर परिषदेचा, आजची पद्धत २०१४ च्या लुगानो वर्गीकरणाची. एकाच भागातल्या ग्रंथी म्हणजे पहिली, छाती-पोटाच्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त भाग म्हणजे दुसरी, पडद्याच्या दोन्ही बाजूंना म्हणजे तिसरी, यकृत-फुप्फुस-अस्थिमज्जा अशा अवयवांत पसरलेला म्हणजे चौथी. हॉजकिनमध्ये ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं यांपैकी काही असेल तर पुढे 'बी' लावतात. खाज त्यात धरत नाहीत. बहिणीचा ताप थर्मामीटरने मोजून वहीत लिहून ठेवा, कणकण आणि ३८.५ यांत फरक आहे.

'चौथी स्टेज' ऐकून घरात रडारड होते. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये त्या शब्दाचा जो अर्थ असतो तो लिम्फोमात नसतो. हॉजकिनचे चौथ्या स्टेजचे रुग्णही, उपचार पूर्ण झाले तर, निम्म्याहून कितीतरी जास्त बरे होतात. 'उपचार पूर्ण झाले तर' हे शब्द मात्र सोडू नका. तीन केमोत गाठ गायब झाली म्हणून सुगीच्या दिवसांत पुढची तारीख चुकवणारे रुग्ण आजाराला परत वाट करून देतात.

पेट स्कॅन केमोच्या आधी करून घ्या, कारण मधल्या आणि शेवटच्या स्कॅनची तुलना त्याच्याशीच होते. हॉजकिनमध्ये पेट नीट झाला असेल तर कमरेच्या हाडातून मज्जा काढण्याची गरज बहुधा पडत नाही. हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची तपासणी व हृदयाचा इको हे केमोआधी होतंच. तुमची बहीण २६ वर्षांची आहे, म्हणून पुढच्या मुलाबाळांबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं केमो सुरू होण्याआधीच व्हायला हवं. हा विषय काढायला घरात संकोच वाटेल. तिला तो एकटीला काढायला लावू नका.

फवारणीबद्दल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन या कीटकनाशकाला माणसात नॉन-हॉजकिन लिम्फोमा घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आणि ग्लायफोसेट या तणनाशकाला 'बहुधा' म्हणणाऱ्या गटात. तो पुरावा नॉन-हॉजकिनबद्दलचा आहे, हॉजकिनबद्दलचा नाही. आणि कुणा एका माणसाची गाठ अमुक औषधामुळेच आली असं कोणतीही तपासणी सांगत नाही. बागेत हातमोजे, मास्क, फवारणीनंतर अंघोळ ही काळजी घरातल्या सगळ्यांसाठी घ्या. पण बहिणीच्या आजाराचा दोष बागेवर किंवा बागेत राबणाऱ्या वडिलांवर टाकू नका. त्याला आधार नाही.

खर्चाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात आणि मंजुरीला निदानाचा पक्का कागद लागतो. म्हणूनही रिपोर्टवर 'असावा' नको, 'आहे' हवं. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आत्ताच बघून ठेवा. मुंबईला दुसरं मत घ्यायला महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाल तेव्हा फक्त कागदांची फाइल नेऊ नका. मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही लॅबकडून सही करून मागून घ्या, जुन्या तुकड्याचे आणि नव्या गाठीचेही. ब्लॉक हा मूळ माल आहे. वर्षांनंतरही त्यातून नवे काप काढून नवी तपासणी करता येते. उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण वितळतं.

नवा रिपोर्ट हातात आला की त्यात सीडी३०, सीडी१५, पॅक्स५, सीडी२०, सीडी३, सीडी४५, ॲल्क आणि इबर ही आठ नावं आहेत का बघा. एखादं राहिलं असेल तर लॅबला फोन करून विचारा, त्याच ब्लॉकवर ते करून मिळतं. बहिणीला त्यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागत नाही.